गुडघ्यांचा नवस

मौद्याच्या पुढे टपरीवर पहिला चहा घेतला तेव्हा माझे गुडघे ठणठणीत होते. दुखणं तेच होतं.

टपरीवाली बाई माझ्याकडे आणि सायकलीकडे आळीपाळीने पाहत होती. शेवटी तिला राहवलं नाही. "बाई, या वयात सायकल चालवून राहिल्या, गुडघे नाही का दुखत तुमचे?"

"तुम्हाले काय करायचं माह्या गुडघ्यांशी?" मी असं खेकसले की बिचारीच्या हातातली गाळणी थांबली. तिनं साधंच विचारलं होतं. पण खाई त्याला खवखवे, दुसरं काय.

बायकोनं नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात, पण सारखं 'आमचे हे, आमचे हे' म्हटलं तर तुम्हाला कळायचं नाही, म्हणून घेते बाप्पा: सुशील. रिटायर झाल्यापासून या माणसाला सायकलीचं वेड लागलं. आधी सकाळी फुटाळा तलावापर्यंत, मग कामठीपर्यंत, आणि मग एक दिवस म्हणाले, "गोपिका, आपण दोघं जाऊ. मौदा, भंडारा, तुमसर, रामटेक, अन् वापस नागपूर. आरामात, गावागावात थांबत."

मी आधी हसले. मग रात्रभर तेच डोक्यात. लग्न झाल्यापासून आम्ही दोघंच असे कुठे गेलो होतो? सासूबाईंचं अंथरूण, दामिनीच्या परीक्षा, कोणी ना कोणी मधे असायचंच. आता सासूबाई गेल्या, पोरगी पुण्याला नोकरीला लागली, आणि घरात उरलो आम्ही दोघं. मी शाळेत असताना सायकल अशी चालवायची की पोट्टे मागे राहत. म्हटलं, चला. बर्डीच्या बाजारात जाऊन हेल्मेट घेतलं, हातमोजे घेतले, आणि ती घट्ट काळी पँटसुद्धा घेतली. ट्रायल रूममधून बाहेर यायला मला लाज वाटून राहिली होती, तर सुशील म्हणाले, "बाहेर ये न वं, मी काय परका हाओ?"

त्याच संध्याकाळी तुळसाताईचा फोन आला. नवं हेल्मेट माझ्या मांडीवर होतं.

तुळसाताई माझी मोठी बहीण. रामटेकच्या पलीकडे, तुमसरच्या रस्त्यावर तिचं गाव आहे. भाऊजी गेले, मूलबाळ झालं नाही, एकटीच राहते. आमची आई गेली तेव्हा मी इतकी लहान होते की मला तिचा चेहरासुद्धा नीट आठवत नाही. मला आठवतात ते ताईचे हात. रोज सकाळी मला दोन पायांच्या मधे बसवून, खोबरेल थापून, लाल फितीच्या दोन वेण्या घालायची. मी हलले की पाठीत धपाटा, आणि लगेच तिथंच हात फिरवायची.

"गोपे, ओट्यावरून घसरली वं मी," ती फोनवर म्हणाली. "उजवा हात मोडला. पलस्तर केलं डॉक्टरनं. तू आठ दिवस येतं का? भाकर तं भावना टाकून देते. पण आंघोळीले, पातळ नेसाले, वेणीफणीले घरचंच माणूस लागते. दुसऱ्याच्या सुनेपुढं लाज वाटते मले."

भावना म्हणजे तिच्या शेजारच्यांची सून. चांगली पोरगी आहे, पण ताईचंही खरं होतं.

आता सांगा, मी काय म्हणायला पाहिजे होतं? 'आली' एवढंच. सायकली काही पळून जात नव्हत्या. पण जिभेला हाड नसते. माझ्या तोंडून निघालं, "ताई, माहे तं गुडघेच गेले वं. जिना उतरता येत नाही. डॉक्टर म्हणते जमिनीवर बसूच नका."

"अवं माय!" ताई म्हणाली. "मले काहून नाही सांगितलं?" आणि त्या क्षणापासून ती स्वतःचा हात विसरली.

रोज फोन. गुडघे कसे आहेत, शेक घेतला का, थंड पाण्यात हात नको घालू, भांडेवाली लाव. एवढं करून थांबली नाही. भावनाचा नवरा भाजीची गाडी घेऊन नागपूरच्या कॉटन मार्केटला येतो, त्याच्यासोबत शेकायला निरगुडीच्या पाल्याची ही एवढी पिशवी पाठवली. तो पाला नहराच्या, म्हणजे कालव्याच्या, काठावरून तोडून आणावा लागतो. डाव्या हाताने तोडला असेल तिनं. मी ती पिशवी बाल्कनीत ठेवली, वॉशिंग मशीनच्या मागे, म्हणजे दिसायला नको.

सुशील म्हणाले होते, "सांगून दे न ताईले खरं. सायकलीचं पुढच्या महिन्यात पाहू." हे मी लपवणार नाही. माणूस चांगला आहे. मीच नाही म्हटलं. मला जायचं होतं. ताईच्या घरी जाऊन शेणपाणी, धुणं, आणि दिवसभर मेलेल्या माणसांच्या गोष्टी, हे मला नको होतं. झालं. इतकं सरळ होतं ते.

आणि निघायच्या आधी एक खोटं अजून बोलले. म्हटलं, वाटेत रोज फोन आला तर हवेचा आवाज येईल, काय सांगणार? म्हणून म्हणाले, "ताई, आता बरं वाटते. तुह्या पाल्यानं मोठा फरक पडला. आता रोज फोन नको करू, तुह्या हाताले त्रास होते."

"खरंच? चालता येते?"

"येते. पायऱ्यापण चढली काल."

 मग ती म्हणाली, "बरं झालं माय. रामानं आइकलं." आणि फोन ठेवला. मला वाटलं, सुटले. जीव भांड्यात पडला.

तर असे आम्ही निघालो. आणि खोटं कशाला बोलू, आता आणखी, मजा आली हो! धान कापून झाले होते, धानाच्या बांध्यांमधे लाखोळीचं पीक हिरवंगार उभं होतं, जागोजागी धानाच्या तणसाचे ढीग. भंडाऱ्याला लॉजवर पाय शेकत बसलो आणि लग्नाआधीच्या गोष्टी काढून हसलो. सुशील पुढे असले की मुद्दाम हळू चालवायचे, आणि मी बाजूला आले की म्हणायचे, "काय म्हणतात शाळेतल्या चॅम्पियन?" मी हँडल सोडून दाखवलं, तर रस्त्याने जाणाऱ्या बैलबंडीवाल्याने कपाळावर हात मारून घेतला.

पण फोटो ग्रुपवर टाकायचा नाही, ही माझी अट. भावनाच्या मोबाईलमधे माझा नंबर आहे, स्टेटस दिसलं की ताईला दाखवेल. सुशील मोबाईल काढायचे आणि मी ओरडायची. तुमसरला ते चिडलेच. "सहल काढून राहिलो का चोरी करून राहिलो?"

"चोरीच आहे," मी म्हणाले. त्यांनी मोबाईल खिशात टाकला आणि पॅडल मारलं.

तुमसरहून रामटेकला जायचं तर ताईचं गाव रस्त्यातच लागते. मी म्हटलं, गावातून नाही जायचं. सुशीलने मोबाईलवर नकाशा पाहून नहराच्या पाळीचा, म्हणजे बांधावरचा, रस्ता काढला. मी तोंडाला स्कार्फ बांधला, वरून हेल्मेट, डोळ्यांवर गॉगल. माझ्या आईनेही ओळखलं नसतं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते अगदी खरं आहे. बांधावरची बाई उभी राहिली तरी मला वाटे, ती मलाच पाहून राहिली.

आणि त्या नकाशाचं काय सांगू! पाळीचा रस्ता वळून वळून निघाला कुठे, तर बरोब्बर ताईच्या घरापाशी.

मी ब्रेक दाबला. ताईच्या दाराला कुलूप होतं. भरदिवसा त्या गावात कोणी कुलूप लावत नाही. अंगणात दोरीवर तिचं पातळ टाकलेलं होतं. वाळत घातलेलं नव्हतं, नुसतं गोळा करून टाकलेलं, आणि त्यातून पाणी गळून राहिलं होतं. एका हाताने पिळता येत नाही ना. मी ते पाणी पाहत उभी राहिले.

"कुठे गेली असेल?" सुशील म्हणाले. "थांब, शेजारी विचारतो."

"नको."

"अवं, दवाखान्यात तं नसेल?"

"नको म्हटलं ना! चला." मी पॅडल मारलं. पुढे जाऊन झाडाखाली थांबले आणि ताईला फोन लावला. रिंग वाजत राहिली. तिनं उचलला नाही. परत लावला. परत तेच. तरी मी मागे वळले नाही. रामटेकला पोहोचू, मग पाहू, असं मनाला सांगितलं. माझ्यासारखी बाई मला दुसरी कोणी भेटली असती तर मी तिला दारात उभं केलं नसतं.

रामटेकला गडाच्या पायथ्याशी नारळवाल्याच्या दुकानामागे सायकली लावल्या. सुशील म्हणाले, आलोच आहोत तर दर्शन घेऊ, मग वर उभं राहून एक फोटो काढू, तो मात्र मी टाकणार.  मला देवासमोर जायचं होतं आणि नव्हतंही. पायऱ्या चढायला लागले. राग आला की मी भराभर चालते, आणि तेव्हा मला सगळ्यात जास्त राग माझाच आला होता. सुशील मागे धापा टाकत, "थांब गं, थांब," आणि मी दोन दोन पायऱ्या चढून राहिली होती.

एका वळणावर पुढे दोन बाया दिसल्या. एक तरुण, हातात चपला आणि नारळाची पिशवी. दुसरी म्हातारी, अनवाणी, डावा हात भिंतीला लावून एकेक पायरी चढणारी. एक पाय वर, मग दुसरा त्याच पायरीवर, मग थांबणं. उजवा हात गळ्यात बांधलेला. केस रबराने कसेतरी गोळा केलेले, अर्धे मानेवर. मी त्या केसांवरून तिला ओळखलंच नाही. ताईच्या अंबाड्यातून कधी एक केस सुटलेला मी जन्मात पाहिला नव्हता. ओळखलं ते टाचांवरून.

 आता खरं सांगते, पहिला विचार हाच आला की मागे फिरावं. स्कार्फ वर ओढला आणि वळलेसुद्धा. तेवढ्यात कठड्यावरच्या माकडाने सुशीलच्या हातातलं हेल्मेट ओढलं आणि माझ्या तोंडून निघालं, "अहो, हेल्मेट!"

ताईने मान वळवली. माझा आवाज ती ओळखणार नाही तर कोण ओळखणार?

"गोपे?" ती म्हणाली. मी स्कार्फ काढला. तिच्या चेहऱ्यावर असा आनंद पसरला की मला खाली पाहावं लागलं. "अवो बाप्पा! भावना, पाह्य वं, पाह्य! गोपी पायऱ्या चढून आली! म्या म्हटलं नव्हतं?"

"तू इथं काय करून राहिली ताई? या हातानं?"

"नवस होता माहा," ती म्हणाली, अगदी साध्या आवाजात. "तुहे गुडघे बरे झाले तं अनवाणी गड चढीन म्हटलं होतं. तूच तं सांगितलं बरे झाले म्हणून. भावना म्हणे, पलस्तर निघू द्या, मंग जा. मी म्हटलं, नाही बाप्पा, नवस उधार ठेवू नये. उलटला तं पोरीचे गुडघे परत जातील."

 आणि बघा, सवय किती वाईट असते: माझा हात आपोआप गुडघ्यावर गेला. मी तोंड वाकडं केलं. हो, केलं. तिथेही केलं.

"दुखते का अजून?" ताई लगेच पायरीवर बसली. "ये, बस. दाखव." तिनं डाव्या हाताने माझा गुडघा धरला आणि त्या काळ्या पँटवरून चोळायला लागली. अवघडलेल्या हाताने, पण तसंच, वेणी घालताना मधेच पाठीवर फिरवायची तसंच. भावना मात्र माझ्याकडे पाहून राहिली होती. माझी पँट, हातमोजे, सुशीलचा तो चट्टेरीपट्टेरी शर्ट, माकडाच्या हातातलं हेल्मेट. तिला सगळं कळलं. तिनं नारळाची पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"कायनं आले तुम्ही? यष्टीनं?" ताईने विचारलं. चोळणं चालूच होतं.

सुशीलने माझ्याकडे पाहिलं. त्यांनी काहीतरी सांगून वेळ मारून नेली असती, मी म्हटलं असतं तर. ताईचा विश्वास बसला असता. रामाची कृपा म्हणून तिनं गावभर सांगितलं असतं. खाली पाहिलं तर तिच्या पायाच्या अंगठ्याला ठेच लागून रक्त आलं होतं आणि ते वाळूनही गेलं होतं.

"सायकलनं आलो, ताई," मी म्हणाले. "नागपूरहून. मौदा, भंडारा, तुमसर करत. माहे गुडघे दुखतच नव्हते. कधीच नाही. मले सायकलीवर जायचं होतं म्हणून तुले खोटं सांगितलं."

तिचा हात थांबला. माझ्या गुडघ्यावरच थांबला थोडा वेळ. मग तिनं तो उचलला आणि पदराला पुसला.

"म्हणजे गुडघे चांगले हायेत?"

"हो."

"तो पाला?"

मी नाही अशी मान हलवली, वापरलाच नव्हता. ताईने एकदा खाली पायऱ्यांकडे पाहिलं, जितक्या चढून आली तितक्या. "तरीच," ती म्हणाली. "मी म्हटलं, इतक्या लवकर कसं आइकलं त्यानं. त्याले तं पहिलेच माहीत होतं. मलेच माहीत नव्हतं."

ती उठायला लागली. मी हात पुढे केला. तिनं भावनाचा धरला.

"ताई, आता राहू दे न. नवस खोटाच होता. खाली चल, मी तुले..."

"नवस माहा होता," ती म्हणाली. "माहा तं खोटा नव्हता." आणि चढायला लागली.

मी शूज काढून हातात घेतले आणि तिच्यामागे चालले. दगड टोचत होते, बरं वाटत होतं. सुशील सगळ्यात मागे, हेल्मेटशिवाय. वर पोहोचलो. रामटेकला आधी लक्ष्मणाचं दर्शन घ्यायचं, मग रामाचं, असा रिवाज आहे. लहानपणी ताई मला कडेवर घेऊन सांगायची, इथं धाकट्याचा मान पहिला. आज लक्ष्मणापुढे तिनं नुसतं डोकं टेकवलं. मीही कुठं काय मागणार होते?

नारळ फोडायची वेळ आली तेव्हा तिनं तो सुशीलकडे दिला. "जवाईबापू, तुम्ही फोडा." मग प्रसाद वाटला. भावनाला दिला, सुशीलला दिला, मग माझ्यासमोर आली. खोबऱ्याचा तुकडा तिच्या डाव्या हातात होता. "डाव्या हातानं देऊन राहिली," ती म्हणाली, "मनावर नको घेऊ."

मी तिथेच, माणसांच्या गर्दीत, हुंदके देऊन रडायला लागले. शरम वाटली, फार शरम वाटली. ताई उभी राहिली. डोक्यावर हात ठेवला नाही आणि निघूनही गेली नाही. रडणं आवरल्यावर मी तिच्या मागे गेले आणि तिच्या मानेवरचे केस गोळा करायला लागले. तिनं मान बाजूला घेतली. "राहू दे," म्हणाली. "सवय झाली."

खाली आल्यावर मी सुशीलला म्हटलं, तुम्ही जा, माझी सायकल टेम्पोत टाकून न्या, मी ताईकडे जाऊन राहिली. त्यांनी सायकलीला बांधलेली माझी पिशवी सोडून दिली. ताईला म्हटलं, "मी येऊ?"

"तुही मर्जी," ती म्हणाली.

त्या कपड्यांवर गावात कसं जाणार, म्हणून भावनाने स्वतःची शाल काढून दिली, ती मी कमरेला गुंडाळली. यष्टीत गर्दी होती. ताई खिडकीशी बसली. मी उभीच राहिले, तिच्या बाजूला थोडी जागा असूनही. थोड्या वेळाने ती माझ्याकडे न पाहता आत सरकली. मी बसले. पूर्ण रस्ता ती बाहेर पाहत होती, आणि मी तिच्या पलस्तरावर पडलेले शेणाचे डाग पाहत होते. आठ दिवसच नाही, पलस्तर निघेपर्यंत राहीन, असं मनात म्हटलं. तिला सांगायची हिंमत झाली नाही. माझ्या शब्दाला आता किंमत काय?

गाव आलं. गाडी थांबली. दाराची पायरी उंच होती. भावना आधी उतरली, तिनं ताईला हात देऊन उतरवलं. मग मी दारात आले. ताईने खालून वर पाहिलं आणि सवयीनं डावा हात पुढे केला.

"हळू उतर वं गोपे, तुहे गुडघे..."

आणि ती मधेच थांबली. हात तसाच राहिला. मी तो धरला आणि हळूच उतरले.